एकट्या साक्षीदाराचा शब्द



धर्मगुरूंविरुद्ध लैंगिक अत्याचाराचे खटले न्यायालयांत उभे राहू लागल्यापासून एक प्रश्न आपल्या भाविकांत वारंवार विचारला जातो. मोठ्या शहरांत तो मिस्सानंतर चर्चच्या आवारात उघडपणे निघतो. माधवनगर-सांगलीसारख्या ठिकाणी, जिथे कॅथलिक कुटुंबे मोजकी आणि एकमेकांच्या ओळखीची, तिथे तो दबक्या आवाजात निघतो. दुसरा साक्षीदार नाही, कागद नाही. मग केवळ तक्रार करणाऱ्याच्या शब्दावर धर्मगुरूला दोषी कसे ठरवता येईल? असे विचारणारे सर्वच गुन्हेगाराची पाठराखण करतात, असे मानणे अन्यायाचे होईल. ज्याने आपल्या लेकरांचा स्नानसंस्कार केला, आईला अखेरच्या आजारात रुग्णाभ्यंग दिले, त्याच्याविषयी असे काही ऐकून घ्यायला मन सहजी धजत नाही.

या शंकेला मोठा आधार वाटतो तो ऑस्ट्रेलियातील कार्डिनल जॉर्ज पेल यांच्या खटल्याचा. १९९६ साली मेलबर्नच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये मिस्सानंतर गायकवृंदातील दोन मुलांवर अत्याचार केल्याचा त्यांच्यावर आरोप होता. दोघांपैकी एकाचे पुढे निधन झाल्याने खटला हयात असलेल्या एकाच्याच साक्षीवर उभा राहिला. डिसेंबर २०१८ मध्ये ज्यूरीने त्यांना दोषी ठरविले, ऑगस्ट २०१९ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो निर्णय कायम ठेवला आणि ७ एप्रिल २०२० रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या सातही न्यायमूर्तींनी एकमताने त्यांना दोषमुक्त केले. तोवर त्यांचे चारशेहून अधिक दिवस तुरुंगात गेले होते.

हे उदाहरण आपल्याकडे हिरिरीने सांगितले जाते, पण अर्धेच. साक्षीदार एकच आहे म्हणून सुटका, असे त्या न्यायालयाने म्हटले नाही. तक्रारदार खोटे बोलला असेही म्हटले नाही. ज्यूरीला तो विश्वासार्ह वाटला हे गृहीत धरूनच न्यायमूर्ती पुढे गेले. मिस्सानंतर पेल मुख्य दाराशी लोकांना भेटत थांबत, मिस्साच्या वेषात असताना कोणीतरी त्यांच्यासोबत असेच, सॅक्रिस्टीत माणसांची ये-जा चालू असे, ही इतरांची साक्ष सरकार पक्षाने खोडून काढली नव्हती. एका शब्दापुढे हे दुसरे शब्द उभे होते, म्हणून वाजवी शंका उरली.

आपल्या देशाचा कायदा याबाबत कित्येक दशके स्पष्ट आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १३४ नुसार कोणतीही गोष्ट सिद्ध करण्यासाठी साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नसे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३९ मध्येही तोच नियम आहे. मात्र हा नियम स्त्रियांच्या बाबतीत न्यायालयांच्या गळी उतरायला वेळ लागला. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार होती. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी त्या निकालावर खुले पत्र लिहिले, देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. १९९० मध्ये नागपूरच्या एका पोलीस उपनिरीक्षकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पीडित स्त्री ही गुन्ह्यातील साथीदार नव्हे. साथीदाराच्या जबानीकडे पाहावे तशा संशयाने तिच्याकडे पाहू नये. २०१२ च्या एका निकालात मात्र असेही बजावले, की एकट्या साक्षीवर शिक्षा द्यायची तर ती साक्ष उलटतपासणीत आरंभापासून अखेरपर्यंत टिकणारी, अव्वल दर्जाची हवी.

आपल्यापैकी काही जण येथे अनुवादाच्या ग्रंथाकडे बोट दाखवतील. दोघा-तिघांच्या साक्षीवाचून आरोप सिद्ध होऊ नये, असा नियम त्याच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. ख्रिस्तसभेच्या कायद्यातही (१९८३ च्या संहितेतील कलम १५७३) एकाच साक्षीने पूर्ण सिद्धता होत नाही, असे म्हटले आहे. पण त्याच वाक्यात प्रसंग आणि व्यक्ती यांची परिस्थिती पाहून अपवादही ठेवला आहे. दानिएलच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायातील सुझान्नाची कथा तर आपण दरवर्षी प्रायश्चित्तकाळात ऐकतो. (प्रॉटेस्टंट बांधवांच्या बायबलमध्ये हा अध्याय सहसा नसतो.) तिच्याविरुद्ध साक्षीदार दोन होते, दोघेही वडीलधारे आणि न्यायाधीश. संख्येचा नियम पुरता पाळला गेला आणि एका निर्दोष स्त्रीला मृत्युदंड ठरला. दानिएलने त्या दोघांना वेगळे करून एकच प्रश्न विचारला, कोणत्या झाडाखाली? उत्तरे जुळली नाहीत. त्या दिवशी तिचा जीव वाचला तो साक्ष पारखली गेल्यामुळे.

आता आपल्या घरातले उदाहरण पाहू. मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगरमधील चर्चमध्ये नोव्हेंबर २०१५ मध्ये १३ वर्षांच्या मुलावर अत्याचार झाला. चर्चहून घरी येताच त्याने आईला सांगितले. कुटुंबाने तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांची भेट घेतली आणि पोलिसांतही तक्रार दिली. पोलिसांना कळविण्यात महाधर्मप्रांताकडून दिरंगाई झाली का, हा प्रश्न फेब्रुवारी २०१९ मध्ये बीबीसीच्या वृत्तामुळे जाहीर चर्चेत आला. डिसेंबर २०२१ मध्ये विशेष पोक्सो न्यायालयाने फादर जॉन्सन लॉरेन्स यांना जन्मठेप सुनावली. पोक्सो कायदा म्हणतो, खटला शक्यतो वर्षभरात संपावा. इथे सहा वर्षे लागली. तेरा वर्षांचा मुलगा एकोणीस वर्षांचा होईतो तीच हकिकत मनात धरून बसला, आणि तेवढा काळ टिकून राहिला म्हणून न्याय मिळाला. सगळ्यांच्या अंगी असे बळ नसते.

केरळातील कोट्टियूर प्रकरणात ते दिसले. अल्पवयीन मुलीला मूल झाले, तेव्हा प्रथम दोष तिच्या वडिलांनी स्वतःवर घेतल्याचे वृत्त होते. न्यायालयात मुलगी आणि तिचे आईवडील फिरले. तरीही डीएनए चाचणी आणि जन्मनोंद यांच्या आधारे तलश्शेरीच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये फादर रॉबिन वडक्कुमचेरी यांना वीस वर्षांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने ती पुढे दहा वर्षांवर आणली. याउलट १४ जानेवारी २०२२ रोजी कोट्टयमच्या न्यायालयाने जालंधरचे बिशप फ्रँको मुलक्कल यांना निर्दोष सोडले, कारण तक्रारदार धर्मभगिनीच्या जबानीतील विसंगतींमुळे केवळ तिच्यावर विसंबता येत नाही असे न्यायाधीशांना वाटले. निकालाविरुद्ध अपील दाखल झाले. बिशपांना दोषी म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण ज्या संघाची ती सदस्य होती, तो त्याच बिशपांच्या अधिकाराखाली होता. अशी स्त्री पहिल्या दिवशी सर्व का बोलली नाही, याचे उत्तर शोधताना हे अधिकाराचे नातेही तराजूत पडायला हवे, असे आमचे मत आहे.

आणि म्हणून, पुष्टी नाही अशी तक्रार करण्यापूर्वी ती कुठे हरवते हेही पाहावे. असा गुन्हा साक्षीदार ठेवून कोणी करीत नाही. जी काही पुष्टी असते ती पहिल्या काही दिवसांतली: वैद्यकीय तपासणी, अंगावरचे कपडे, आईजवळ केलेले पहिले बोलणे, त्या दिवशी चर्चमध्ये कोण होते याची ताजी आठवण. नेमके हेच दिवस आपण घालवतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून ज्येष्ठ मंडळी घरी जातात, समेट सुचवतात, धर्मगुरूची बदली होते. वर्षांनी प्रकरण न्यायालयात येते तेव्हा उरतो एक शब्द, आणि मग तो एकटाच कसा, असे आपणच विचारतो. विलंबाचा हा तोटा निर्दोष धर्मगुरूलाही आहे. तो त्या वेळी कुठे होता हे सांगणारे साक्षीदारही काळाबरोबर विसरतात; पेल यांच्या बाबतीत बावीस वर्षांनंतरही ते मिळाले, प्रत्येकाला मिळतील असे नाही.

खोट्या तक्रारीची भीती असणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की पोक्सोच्या कलम २२ नुसार बदनामीच्या हेतूने खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला शिक्षा आहे. त्याच कायद्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती किंवा शंका असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. हाताखालच्या व्यक्तीबाबत मौन पाळणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाला पोलीस ठाण्यात नेण्याची गरज नाही. त्याचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवायचा असतो. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ आहे. आपापल्या चर्चच्या सूचनाफलकावर तो लावावा, अशी सर्व धर्मग्रामांना विनंती आहे.