गिअर आपल्या हातात हवा की गाडीच्या?



हल्ली गटऑफिसात ऊसनोंदीला येणारा सभासद बेणे, खोडवा, खताचा हप्ता यांचे बोलून झाले की हळूच विचारतो, "साहेब, घरी मोटार घ्यायचीय. गिअरची घ्यावी का ऑटोमॅटिक?" ऊस विकास खात्याचा आणि मोटारीचा संबंध काय, असे कुणी म्हणेल. पण संबंध आहे, आणि तो थेट आपल्या पोरांच्या जिवाशी आहे. म्हणून आमचे मत येथे स्पष्ट मांडतो.

ऑटोमॅटिक म्हणजे फार नवलाची गोष्ट नव्हे. अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीने १९३९ सालीच, १९४० च्या ओल्डस्मोबाईल गाडीसाठी असा गिअरबॉक्स बाजारात आणला. आपल्याकडे मात्र तो बराच काळ श्रीमंतांच्या गाडीपुरता राहिला. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ एएमटी गिअरबॉक्स घेऊन आली आणि हा प्रकार साध्या शेतकऱ्याच्या आवाक्यात आला. एएमटीत क्लचप्लेट व गिअर नेहमीचेच असतात. फक्त क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम माणसाच्या हातापायाऐवजी यंत्र करते. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत क्लचचे काम तेल करते, तर सीव्हीटीत पट्टा आणि लहानमोठ्या होणाऱ्या पुल्या असतात. विजेवर चालणाऱ्या बहुतेक मोटारींत तर बदलायला गिअरच नसतो.

अशी गाडी कुणी घेतली तर आमची काही हरकत नाही. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना, नव्याने शिकणाऱ्या सुनेला-लेकीला, बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गर्दीत अडकणाऱ्याला ती सोयीचीच आहे. डावा पाय मोकळा, गाडी बंद पडायची भीती नाही. "ऑटोमॅटिक चालवणारा तो कसला ड्रायव्हर?" असे हिणवणारेही भेटतात. ते आम्हांस पटत नाही. सोय ही सोयच असते.

आमची काळजी वेगळी आहे. घरात एकच गाडी आणि ती ऑटोमॅटिक. थोरला मुलगा तिच्यावरच शिकतो, तिच्यावरच लायसन काढतो. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली, तर लायसन तेवढ्याच गाड्यांपुरते मिळते. आपल्या मोटार वाहन कायद्यात गिअरवाली आणि बिनगिअरवाली असा भेद दुचाकीला आहे, हलक्या मोटारीला नाही. शिवाय रिकामे वजन साडेसात हजार किलोच्या आतला ट्रॅक्टरही हलक्या मोटारीच्याच वर्गात बसतो. म्हणजे ज्याने क्लचवर कधी पाय ठेवला नाही, तो पोरगा हंगामात ड्रायव्हर आला नाही म्हणून ट्रॅक्टरवर बसला, तर त्याच्या खिशात लायसन असते. कागद पुरा झाला, पण शिक्षण अपुरे राहिले.

आता उसाच्या ट्रॅक्टरचे बघा. ट्रॅक्टर दोन-अडीच टनांचा आणि मागे दोन ट्रॉल्यांत पंधरा-वीस टन ऊस. ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. चढाला दम लागतो तो इंजिनचा, पण उताराला कस लागतो तो माणसाचा. गिअर पडलेला असेल आणि ॲक्सिलेटर सोडला, तर चाके इंजिनाला फिरवू लागतात आणि इंजिन त्यांना मागे धरून ठेवते. गिअर जेवढा खालचा, तेवढी पकड जास्त. डिझेल वाचवायला न्यूट्रल केले किंवा क्लच दाबून धरला, की ही पकड सुटते. मग सगळे ओझे ब्रेकवर येते, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. मागचा ऊस पुढच्या ट्रॅक्टरला ढकलू लागतो. बैलगाडी हाकलेल्या जुन्या माणसाला हे सांगावे लागत नाही. उतार लागला की ओझे बैलांच्या अंगावर येते, हे जाणून तो आधीच कासरा आवळतो.

कुणी म्हणेल, ट्रॅक्टरही उद्या ऑटोमॅटिक होतील. होतील की! जर्मनीच्या फेंट कंपनीने १९९५ मध्येच बिनटप्प्याच्या गिअरबॉक्सचा ट्रॅक्टर दाखवला. पण आपल्या गव्हाणीकडे येणाऱ्या रांगेत क्लच-गिअरचेच ट्रॅक्टर उभे असतात, हे डोळ्यांसमोर आहे. आणि ऑटोमॅटिक मोटारीलाही घाटात हा नियम चुकत नाही. बहुतेक गाड्यांत खालचा गिअर धरून ठेवायची सोय दिलेली असते, पण ती कशासाठी आहे हे ज्याला माहीत, त्यालाच तिचा उपयोग.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. घरी कोणतीही गाडी असो, ज्या मुलाच्या हाती पुढेमागे ट्रॅक्टर जाणार आहे, त्याला आधी क्लच-गिअरच्या गाडीवर शिकवा. त्यानंतर रिकामी ट्रॉली, मग भरलेली एक ट्रॉली आणि जाणत्या ड्रायव्हरशेजारी पुरेसा सराव झाल्यावरच दोन ट्रॉल्या. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकायला लावा. मध्येच बदलायला गेले तर क्लच दाबताच ओझे ढकलते आणि गिअर पडेलच याची खात्री नसते. रस्त्यावर ब्रेकची दोन्ही पॅडल खिटी लावून जोडलेलीच हवीत. शेतात वळताना सोडलेली खिटी तशीच राहिली आणि एकाच पॅडलवर पाय पडला, तर ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जातो.

उसाचे टनेज एका हंगामात कमी पडले तर पुढच्या हंगामात भरून काढता येते. त्यासाठी आमचे खाते आहेच. पण उतारावर गेलेला कर्ता पोरगा कुठल्या हंगामात भरून काढणार? गाडी खुशाल ऑटोमॅटिक घ्या, शिक्षण मात्र गिअरचे द्या. सभासदांनी घरोघरी याचा विचार करावा, ही कळकळीची विनंती.

— ऊस विकास अधिकारी