काकांना चिखलात पडू द्या

मराठी बालकथेतलं कुटुंब मला आता सहन होत नाही. आई ओट्यापाशी, बाबा पेपरामागे, आजोबा उपदेशाच्या तयारीत. त्यांच्यातलं कुणी घाबरत नाही, कुणाची फजिती होत नाही, कुणी थाप मारून पकडलं जात नाही. चुकायचं फक्त मुलानं, आणि शेवटच्या परिच्छेदात डोळ्यांत पाणी आणून माफी मागायची तीही त्यानंच. असली पुस्तकं आपण दरवर्षी छापतो, शाळांच्या कपाटांत गठ्ठ्यानं कोंबतो आणि मग मुलं वाचत नाहीत म्हणून परिसंवाद भरवतो. मुलं बरोबर वागतात. ज्या माणसांवर त्यांचा विश्वासच बसत नाही, त्यांच्या गोष्टी त्यांनी का वाचाव्यात?

मी मालवणात राहतो आणि बरीच वर्षं मुलांना गोष्टी वाचून दाखवतो. म्हणून हा राग ऐकीव नाही. बोध जवळ आला की मुलं चुळबुळायला लागतात, हे मी समोर बसून पाहतो.

इथून जवळच आचरा आहे. तिथे दर काही वर्षांनी गावपळण होते. रामेश्वराचा कौल झाला की हजारो वस्तीचं गाव घरांना कुलपं घालून वेशीबाहेर निघतं. गुरंढोरं, कोंबड्या, कुत्रे, म्हातारीकोतारी, तान्ही बाळं, सगळी. तीन दिवस, तीन रात्री गावात चिटपाखरू ठेवायचं नाही. माणसं शेजारच्या गावांच्या हद्दीत, माळावर, खाडीकाठी झावळ्यांच्या झोपड्या घालतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल. देवानं होकार दिला तर परत, नाही तर मुक्काम लांबला. चिंदर आणि वायंगणीतही ही रीत आहे. मुलांच्या दृष्टीनं याचा अर्थ एवढाच की शाळा बंद, घर बंद, आणि आईबाप, काका, आजी सगळी एकाच छपराखाली अडकलेली. जगातल्या कुठल्याही बालकथाकारानं यासाठी उजवा हात दिला असता.

मी पाहिलेली एक संध्याकाळ सांगतो. खाडीकाठच्या झोपडीतून एका आजीचा कोंबडा सुटला. भरती चढत होती, अंधार पडत होता. नातू ओरडला, "गे आजी, कोंबो खय गेलो?" आजी म्हणाली, "माका काय इचारतंस? तुज्या काकाक सांगलेला, तेचे पाय बांध म्हणान." काका मुंबईहून खास गावपळणीसाठी आलेले, पांढरी पँट घालून. मी पकडतो म्हणत ते पुढे झाले आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले. त्यांना ओढायला गेलेला भाऊ त्यांच्यावर पडला. दोघांची बायकामंडळी काठावर हसून हसून खाली बसली. शेवटी कोंबडा पकडला सात-आठ वर्षांच्या नातीनं, हातातले तांदूळ पुढे टाकून. आणि काका चिखलात उभे राहून तिलाच विचारत होते, "आता मी भायर कसो येव?"

ही गोष्ट मी लिहिली. फार काही रचावं लागलं नाही. एका प्रकाशन संस्थेकडे पाठवली तर उत्तर आलं की प्रसंग मजेशीर आहे, पण वडीलधाऱ्यांची टिंगल होते, शेवटी बोध मिळत नाही आणि संवाद प्रमाण भाषेत हवेत. तिन्ही आक्षेप चुकीचे आहेत, आणि तिन्ही मिळून आपल्या बालसाहित्याचं काय बिघडलं आहे ते सांगतात.

वडीलधाऱ्यांची टिंगल म्हणे! चि. वि. जोशींनी चिमणराव लिहिला तेव्हा घरचा कर्ता पुरुष पदोपदी फसताना दाखवला, बायको काऊ आणि पोरं मोरू, मैना यांच्यादेखत. नव्वद वर्षं उलटून गेली, महाराष्ट्राचे संस्कार त्यानं बुडाले नाहीत. पण ते पुस्तक मोठ्यांच्या कपाटात गेलं. मुलांच्या वाट्याला आलं ते कुटुंबाला वगळून केलेलं साहस. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे माझा जीव की प्राण आहे. पण बनेश फेणे राहतो वसतिगृहात आणि धाडसं करतो ती आईबाप जवळ नसताना. भागवतांनी त्यांच्या चौकटीत उत्तम लिहिलं. त्यांच्यामागून आलेल्यांनी ती चौकटच नियम करून टाकली. साहस करायचं असेल तर घर सोडा, आणि घरात असाल तर संस्कार घ्या. 2017 साली फेणेवर सिनेमा आला तेव्हा तर त्याला कॉलेजच्या वयाचा करून प्रवेश परीक्षांच्या घोटाळ्यात नेऊन सोडला. मुलांकडून त्यांचा एकुलता एक धाडसी मित्रही काढून घेतला.

आणि श्यामची आई? तिथेही कोकणातलं घर आहे, विहीर आहे, पोहायला घाबरून लपून बसलेला मुलगा आहे. साने गुरुजींना त्यातून जे सांगायचं होतं ते त्यांनी मनापासून सांगितलं. मला चीड येते ती त्यांच्या नकलाकारांची. गुरुजींचं हृदय नाही, फक्त डोळ्यांतलं पाणी उचललं.

सिंधुदुर्गाला तर या बाबतीत काही सबबच नाही. देवगड तालुक्यातल्या धालवलीचे विंदा करंदीकर आणि वेंगुर्ल्याचे मंगेश पाडगांवकर यांनी महाराष्ट्रातल्या मुलांना कवितेत मनसोक्त वेडेपणा करू दिला. विंदांच्या बालकवितांत कसलंही तात्पर्य न घेता हसता येतं. आरवलीच्या जयवंत दळवींनी 'सारे प्रवासी घडीचे'मध्ये इथली इरसाल माणसं अशी उभी केली की वाचताना पोट दुखतं. म्हणजे हसू होतं, माणसं होती, लिहिणारे हात होते. पण गद्यात ते हसू मोठ्यांसाठी राहिलं आणि मुलांच्या हाती बोधकथा दिल्या.

आज कोकणातलं कुटुंब म्हटलं की उरलेल्या महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे काय येतं? 2016 साली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका सुरू झाली, आकेरीतल्या वाड्यात. पडका वाडा, जमिनीचे वाद, खून, भूतबाधा. पुढे तिचे आणखी दोन भाग आले. तो वाडा बघायला पर्यटकांच्या गाड्या लागल्या. माझा भुतांच्या गोष्टींना विरोध नाही, देवचाराशिवाय आमचं लहानपण पुरं होत नाही. पण इथल्या पोरानं पडद्यावर किंवा पुस्तकात आपलं घर शोधलं तर त्याला फक्त भाऊबंदकी आणि भूत सापडावं, हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याच्या घरात त्याहून कितीतरी जास्त घडतं. रापणीचं जाळं ओढताना सगळी वाडी दोराला लागते, पोरं शेपटाशी लोंबकळतात आणि वाटणीत मूठभर तारल्या मिळाल्या म्हणून राजे होतात. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर नारळ लढवताना बाया खुन्नसनं एकमेकींचे नारळ फोडतात. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात कौलं उडाली, वीज कित्येक दिवस आली नाही, आणि तरी त्या रात्रीची हकिगत पोरं सांगतात ती बापूस कुठल्या टेबलाखाली शिरला इथपासून.

इथे मला विचारतात, आईबाप बरोबर असतील तर ते साहस कसलं? हा प्रश्न समुद्र न पाहिलेल्या माणसाचा आहे. होडीत बसलेल्या पोराला खरी भीती वाटते ती बापाचा चेहरा उतरलेला दिसतो तेव्हा. आणि हसू फुटतं तेही त्याच चेहऱ्यामुळे, किनारा लागल्यावर. हे लेखक जेराल्ड डरेल इंग्रजांना 1956 सालीच सांगून गेला. कॉर्फू बेटावरच्या आपल्या घरातल्या गोष्टी लिहिताना त्यानं आईला गोंधळलेली दाखवली, भावांना तिरसट दाखवलं, आणि आपण काडेपेटीत ठेवलेली विंचवीण पिल्लांसकट जेवणाच्या टेबलावर सुटली तेव्हा सगळं घर किंचाळताना दाखवलं. मराठी संपादकानं त्या पोराला तिथल्या तिथे माफी मागायला लावली असती.

भाषेचा आक्षेप तर मला सर्वांत घाणेरडा वाटतो. नाटकाच्या तिकीटबारीवर मालवणी चालते. 'वस्त्रहरण' घेऊन मच्छिंद्र कांबळी लंडनला जाऊन आले. मग पुस्तकातल्या आजीनं नातवाशी आकाशवाणीच्या बातम्यांसारखं का बोलावं? आचऱ्याचं पोर शाळेत 'खय' म्हणालं की त्याला दुरुस्त करतात, पुस्तकात तर 'खय' सापडतच नाही, आणि दहाव्या वर्षापर्यंत त्याची खात्री पटते की आपल्या घरी बोलतात ते छापण्याच्या लायकीचं नाही. हे कुठल्या संस्कारात बसतं ते मला एकदा लिहून द्या.

त्या संस्थेनं मागितलेला बदल मी केलेला नाही, करणारही नाही. गोष्ट जशी आहे तशी मी मुलांना वाचून दाखवतो. काका रुततात तिथे मुलं लोळतात, आणि दर वेळी कुणीतरी विचारतं की मग ते बाहेर कसे आले. पुढची गावपळण लागेल तेव्हा बालसाहित्याच्या पुरस्कार समित्यांवरच्या मंडळींनी खाडीकाठी एक झोपडी घालावी, पोराबाळांसकट, तीन रात्रींसाठी. झावळ्या आम्ही देऊ.