मैदान कोणासाठी कठीण?

गोल्फ हा पैसेवाल्यांचा खेळ, त्याच्याशी आपला काय संबंध, असे अनेकांना वाटेल. ते अगदीच चूक नाही. पण या खेळात मैदानाचे काठिण्य ज्या रीतीने मोजतात, ती रीत न्यायाची चाड असणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे.

मैदानाचा 'पार' बहुधा ७१ किंवा ७२च्या आसपास असतो. त्यावरून मैदान सोपे की अवघड हे कळत नाही. म्हणून 'कोर्स रेटिंग' काढतात. निष्णात, म्हणजे 'स्क्रॅच' खेळाडूला सर्वसाधारण परिस्थितीत तिथे किती फटके लागतील, तो हा आकडा. त्यासाठी प्रशिक्षित पथक मैदानावर जाऊन लांबी, चढउतार, वारा, वाळूचे बंकर, पाणी, झाडी, ग्रीनचा उतार हे सारे तपासते. एवढेच काय, खेळाडूच्या मनावर येणारे दडपणही हिशेबात धरते.

पण पट्टीचा खेळाडू ज्या तळ्यावरून चेंडू सहज पलीकडे टाकतो, त्याच तळ्यात सामान्याचा चेंडू बुडतो. डीन क्नूथ यांनी हा फरक मोजायची 'स्लोप' पद्धत पुढे आणली आणि १९८०च्या दशकात ती अमेरिकेत रुजली. तीत सामान्य, 'बोगी' खेळाडूचेही रेटिंग काढतात. दोन रेटिंगमधील फरकाला पुरुषांसाठी ५.३८१ ने आणि स्त्रियांसाठी ४.२४ ने गुणले की स्लोप मिळतो. तो ५५ ते १५५ या दरम्यान असतो. प्रमाण मानलेला आकडा ११३.

समजा, दोन मैदानांचे कोर्स रेटिंग ७१ आहे. पहिल्यावर बोगी पुरुषाचे रेटिंग ९२, दुसऱ्यावर ९६. पहिल्याचा स्लोप ११३ येतो, दुसऱ्याचा १३५. निष्णाताला दोन्ही सारखीच. सामान्याला दुसरे बरेच जड. दोन्हीकडे ९५ फटके लागले, तर हँडिकॅपसाठी पहिल्या मैदानावरची कामगिरी २४ धरली जाते, दुसऱ्यावरची २०.१. आकडा जितका लहान तितका खेळ चांगला. म्हणजे कमकुवत खेळाडूने ज्या अडथळ्यांशी झुंज दिली, त्यांची नोंद त्याच्या नावावर होते.

या पद्धतीतही उणिवा आहेत. तिच्यातला बोगी पुरुष पहिला फटका २०० यार्ड मारतो, बोगी स्त्री १५० यार्ड. प्रत्यक्षातली माणसे अशा साच्यात बसत नाहीत. शिवाय एखाद्या टीचे रेटिंग फक्त पुरुषांसाठी झालेले असेल, तर तिथून खेळणाऱ्या बाईच्या अडचणी त्या आकड्यात नसतात. स्त्रिया जिथून खेळतात त्या प्रत्येक टीचे त्यांच्यासाठी वेगळे रेटिंग व्हायलाच हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही मूळ तत्त्व मला मोलाचे वाटते. आपण परीक्षेचे गुण पाहतो, नोकरीतले यश पाहतो आणि 'मैदान सर्वांना सारखेच होते' असे म्हणून मोकळे होतो. घरी अभ्यासाला जागा नसलेल्या मुलीचे ७० टक्के आणि शिकवणी लावलेल्या मुलाचे ७० टक्के आपण एकाच तराजूत टाकतो. १९८०च्या दशकातच गोल्फवाल्यांना कळले, की मैदान एक असले तरी ते सर्वांना सारखेच कठीण नसते. आणि हा फरक मोजताही येतो. सुखवस्तूंच्या खेळात जे जमले, ते शाळा आणि सरकारी कचेऱ्यांत अशक्य म्हणणे मला पटत नाही.