संशोधनाच्या दारावरची दोन कुलुपे

देशात सध्या संशोधनाच्या नावाने मोठमोठ्या रकमा जाहीर होत आहेत. २०२३ साली संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा केला आणि पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभे करण्याचे चित्र रंगवले. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खासगी क्षेत्रातील संशोधनासाठी १ लाख कोटींची योजना मंजूर केली. वर्तमानपत्रांनी ठळक मथळे दिले. परंतु हा पैसा कोणाच्या हाती जाणार आणि कोणाच्या दुखण्यावर खर्च होणार, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. तो आम्हाला विचारावा लागत आहे, कारण या देशात संशोधनाच्या दाराला एक नव्हे, दोन कुलुपे आहेत. पहिले कुलूप माणसाला आहे, दुसरे विषयाला.

पहिले कुलूप कायद्याने घातलेले आहे. १९७५ साली केंद्राच्या कार्मिक खात्याने आदेश काढून, संशोधन करणाऱ्या आणि त्याचे मार्गदर्शन करणाऱ्या वैज्ञानिक व तांत्रिक पदांना, गट 'अ'च्या सर्वात खालच्या श्रेणीच्या वर, आरक्षणातून सूट देण्याची सोय केली. १६ नोव्हेंबर १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ओबीसी आरक्षण वैध ठरवले. आमच्या लोकांनी त्याचे स्वागत केले, ते योग्यच होते. पण त्याच निकालात असेही म्हटले आहे की संशोधन व विकास संस्थांतील तांत्रिक पदे, वैद्यकशास्त्रातील अतिविशेष शाखा, प्राध्यापकांची वरिष्ठ पदे, अणु आणि अवकाश क्षेत्रातील शास्त्रज्ञ अशा ठिकाणी आरक्षण ठेवणे उचित ठरणार नाही. म्हणजे शिपायाच्या जागेला आरक्षण चालेल, प्रयोगशाळेच्या प्रमुखाच्या जागेला चालणार नाही!

पुढे २००६ च्या केंद्रीय शैक्षणिक संस्था प्रवेश आरक्षण कायद्याला एक परिशिष्ट जोडले गेले. त्यातील 'उत्कृष्ट' व संशोधन संस्थांना प्रवेशाच्या आरक्षणातून वगळण्यात आले. २०१९ साली विद्यापीठांतील प्राध्यापक भरतीत विभागाऐवजी संपूर्ण संस्था हे एकक धरणारा कायदा झाला. तो रस्त्यावरच्या लढ्याचा विजय होता. परंतु त्याच कायद्याचे कलम ४ वाचा. परिशिष्टातील संस्थांना हा कायदा लागू नाही. त्या कोणत्या? मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा स्मारक केंद्र ज्या होमी भाभा राष्ट्रीय संस्थेचे घटक आहेत ती संस्था, मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि अशाच आणखी काही. अणू, मेंदू, कर्करोग, अवकाश ही विज्ञानाची शिखरे नेमकी कलम ४ च्या कुंपणाआड आहेत. यादी वाढवण्याची हावही सुटलेली नाही. २०२० साली केंद्राने नेमलेल्या समितीने आयआयटींनाही याच परिशिष्टात घालून प्राध्यापकांच्या आरक्षणातून सोडवावे, अशी शिफारस केली होती. ती अमलात आली नाही, पण मनातले काय ते कळले.

'संशोधनात जात कशाला आणता? तिथे गुणवत्ताच हवी,' असे आम्हाला ऐकवले जाते. गुणवत्तेला आमचा विरोध कधीच नव्हता. आमचा सवाल वेगळा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली काय ठेवायचे, हे कोण ठरवतो?

याचे उत्तर अमेरिकेने आपल्या आकड्यांतून दिले आहे. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे संशोधन निधीसाठी आलेल्या अर्जांचा अभ्यास २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. शिक्षण, प्रशिक्षण, प्रकाशने या गोष्टी जमेस धरूनही कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाला निधी मिळण्याची शक्यता गोऱ्या शास्त्रज्ञापेक्षा १० टक्के-बिंदूंनी कमी निघाली. २०१९ साली दुसऱ्या अभ्यासाने त्याचे एक कारण दाखवले. कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ समाजाच्या आरोग्यातील विषमता, रुग्णांपर्यंत पोहोचणारे उपाय असे विषय अधिक निवडतात आणि नेमक्या त्याच विषयांना निधी कमी मिळतो. तफावतीचा पाचव्या हिश्श्याहून अधिक भाग एकट्या विषयनिवडीने स्पष्ट झाला. माणूस वगळला की त्याचा प्रश्नही वगळला जातो, हे यावरून दिसते. निदान तिथे अर्जदाराचा वंश नोंदला जातो आणि आकडे तपासता येतात. आपल्याकडे कोणत्या समाजाच्या शास्त्रज्ञाला किती निधी मिळाला, याचा हिशेब जनतेपुढे ठेवण्याची पद्धतच नाही.

आता आपल्या घरातला आजार घ्या. सिकलसेल हा शब्द विदर्भातल्या बौद्ध आणि आदिवासी वस्त्यांत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सांध्यांतील असह्य कळा, वारंवार रक्त चढवणे, शाळा बुडणे, लग्न मोडणे, हे सारे त्या एका शब्दात येते. भारतात हा आजार १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये नोंदला गेला. राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली १ जुलै २०२३ रोजी, म्हणजे ७१ वर्षांनी! मधल्या काळात काही डॉक्टरांनी निष्ठेने काम केले, त्यांचे ऋण आम्ही मानतो. पण हा आजार प्रस्थापितांच्या घरात असता, तर सात दशके लागली असती काय? आजही मोहिमेचा भर आदिवासी भागांवर आहे. तो असलाच पाहिजे, पण विदर्भातील बौद्ध वस्त्यांचा हिशेब कोण मांडणार? डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत या आजारावरील दोन जनुकीय उपचारांना मान्यता मिळाली. त्यापैकी एकाची किंमत माणशी २२ लाख डॉलर आहे. आमच्या मजुराला परवडेल असा उपचार शोधायचा, तर तो प्रश्न आपला मानणारा माणूस प्रयोगशाळेत असावा लागेल.

शिक्षणातही हेच घडले. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची पद्धतशीर चौकशी झाली ती २००६-०७ मध्ये, डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीकडून. खासगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवून भेदभाव आकड्यांत पकडणारा २००७ चा अभ्यासही डॉ. थोरात आणि पॉल ॲटवेल यांचाच. जातीचा चटका ज्याला ठाऊक आहे, त्यालाच तो मोजण्याची गरज वाटते.

आता दुसरे कुलूप पाहा. परदेशी शिक्षणासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या १२५ जागा असतात. त्यांतील ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. २०२२-२३ च्या नियमावलीत सामाजिक न्याय मंत्रालयाने अट घातली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीत बसणार नाहीत. अशा अभ्यासाची साधने देशातच आहेत, अशी त्याची भलामण झाली. साधने आहेत, पण ती ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांच्याच परवानगीने आम्ही आमचा अभ्यास करायचा काय? बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर गेलेल्या विद्यार्थी भीमरावांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचला. या अटीखाली तो विषय नामंजूर झाला असता. सयाजीराव गायकवाडांच्या राजेशाहीत जे चालले, ते प्रजासत्ताकाच्या सामाजिक न्याय खात्याला का खुपावे?

राज्याची तऱ्हाही निराळी नाही. २०२३ साली बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर बसावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात सारथीच्या फेलोशिपचा विषय निघाला, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी पीएचडी करून काय दिवे लावणार, असे विचारले. सारथी मराठा-कुणबी मुलांसाठी आहे, बार्टी अनुसूचित जातींच्या. टोमणा दोघांनाही सारखाच लागला, हे मराठा तरुणांनीही लक्षात घ्यावे.

मग करायचे काय? वकील या नात्याने आम्ही सांगतो की हे पहिले कुलूप संविधानाने घातलेले नाही. इंद्रा साहनी निकालानेही कोणती पदे वगळायची हे ठरवणे केंद्र सरकारवर सोडले होते. संसदेने घातलेले परिशिष्ट संसद काढू शकते. म्हणून २००६ आणि २०१९ च्या कायद्यांतील संशोधन संस्थांची सूट रद्द करा, ही मागणी प्रत्येक खासदाराच्या दारात गेली पाहिजे. संशोधन निधीच्या लाभार्थ्यांचा सामाजिक तपशील दरवर्षी जाहीर व्हावा. शिष्यवृत्तीवरील विषयबंदी कायमची उठावी. फेलोशिप दरमहा ठरल्या तारखेला मिळावी.

मागण्यांबरोबर कामही हवे. २००५ चा माहितीचा अधिकार हाती आहे. आपल्या जिल्ह्यातील विद्यापीठाला आणि वैद्यकीय महाविद्यालयाला अर्ज करा. प्राध्यापकांची मंजूर पदे किती, प्रवर्गनिहाय भरलेली किती, पीएचडीचे मार्गदर्शक कोणत्या प्रवर्गाचे, फेलोशिपची रक्कम कोणत्या तारखेला जमा झाली, एवढे चार प्रश्न विचारा. उत्तर न आल्यास अपील करा. विहारातल्या रविवारच्या बैठकीत हे कागद वाचा आणि विज्ञान शाखेतल्या आपल्या मुलामुलींना बोलवा. नोकरीच्या जाहिरातींइतकीच संशोधनाच्या जाहिरातींची चर्चा तिथे झाली पाहिजे. आमच्यावर इतरांनी लिहिलेले प्रबंध आम्ही पुष्कळ वाचले. आता प्रयोगशाळेची किल्ली मागण्याची वेळ आहे.