विश्लेषण : वाद्यकंपन्या कलाकारांना गिटार फुकट देतात का? ‘एण्डोर्समेंट’चा व्यवहार नेमका कसा चालतो?

इन्स्टाग्रामवर एखाद्या ड्रमरच्या किंवा गिटारवादकाच्या नावाखाली ‘अमुक कंपनीचा आर्टिस्ट’ अशी ओळ दिसते. कॉलेजच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या अनेकांचा समज असा, की कंपनीने याला वाद्य फुकट दिले आणि वर पैसेही दिले. प्रत्यक्षात बहुतेक करार फुकटचे नसतात, तर सवलतीचे असतात. शिवाय सही केल्यावर कलाकारावर काही बंधनेही येतात. हा करार कसा मिळतो आणि सही करण्यापूर्वी काय पाहायचे?

एण्डोर्समेंट म्हणजे नेमके काय?

कलाकाराने वाद्य जाहीरपणे वापरायचे, आपले नाव आणि छायाचित्र कंपनीला वापरू द्यायचे आणि बदल्यात कंपनीने काही लाभ द्यायचा, असा हा करार असतो. त्याच्या साधारण चार पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे ‘आर्टिस्ट प्राइस’, अर्थात सवलतीत खरेदी. नव्या कलाकारांपैकी बहुतेक जण इथेच असतात. दुसऱ्या पायरीवर दौऱ्यासाठी किंवा ध्वनिमुद्रणासाठी वाद्य वापरायला मिळते, ते नंतर परत करावे लागते. तिसऱ्या पायरीवर वाद्य, तारा, काठ्या किंवा झांजा मोफत मिळतात. चौथी पायरी ‘सिग्नेचर मॉडेल’ची. त्यात कलाकाराच्या नावाचे वाद्य बाजारात येते आणि करारानुसार विक्रीतला वाटा मिळू शकतो. या पायरीवर पोहोचणारे मोजकेच.

ही पद्धत आली कुठून?

१९३०च्या दशकात अमेरिकी जॅझ ड्रमर जीन कृपा ‘स्लिंगरलँड’ ड्रमचा चेहरा होता. १६२३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सुरू झालेल्या ‘झिल्जन’ या झांजा बनवणाऱ्या कंपनीला पातळ झांजा तयार करण्यासाठी त्याच्या सूचनांचा उपयोग झाला. म्हणजे कलाकार जाहिरातीपुरता नव्हता, वाद्य सुधारण्यातही त्याचा हात होता. १९५२ मध्ये ‘गिब्सन’ने लेस पॉलच्या नावाची गिटार आणली, ती आजही विकली जाते. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स अमेरिकेच्या ‘एड सुलिव्हन शो’मध्ये झळकले. रिंगो स्टारच्या ड्रमवरचे ‘लुडविग’ हे नाव कोट्यवधी प्रेक्षकांनी पाहिले आणि कंपनीकडे मागणीची रीघ लागली. योग्य मंचावरच्या योग्य कलाकाराची किंमत वाद्यकंपन्यांना तेव्हा पुरती कळली.

कंपनी कलाकारात काय पाहते?

उत्तम वाजवणे ही किमान अट झाली. कंपनीचा खरा प्रश्न वेगळा असतो : या कलाकाराला पाहून किती जण आमचे वाद्य घेतील? त्यामुळे वर्षभरातले कार्यक्रम, कोणासोबत वाजवले, प्रसिद्ध झालेली गाणी, व्हिडीओंवरचा प्रतिसाद हे सारे तपासले जाते. फॉलोअर कमी, पण शंभर विद्यार्थ्यांना शिकवणारा वादक कंपनीला उपयोगी वाटू शकतो, कारण पहिले वाद्य कोणते घ्यावे, हे विद्यार्थी गुरूलाच विचारतात. आणखी एक कळीची गोष्ट म्हणजे तुम्ही ते वाद्य आधीपासून वापरता का? एकच मजकूर दहा कंपन्यांना पाठवणारा अर्जदार लगेच ओळखू येतो.

अर्ज कसा करायचा?

अनेक मोठ्या कंपन्यांत ‘आर्टिस्ट रिलेशन्स’ हा स्वतंत्र विभाग असतो. परदेशी कंपनी असेल, तर भारतातील वितरकाकडून सुरुवात करणे बऱ्याचदा सोपे जाते. अर्ज एका पानाचा पुरे. त्यात थोडक्यात परिचय, दोन-तीन चांगल्या व्हिडीओंच्या लिंक, पुढच्या काही महिन्यांतले कार्यक्रम आणि सध्या वापरात असलेली वाद्ये द्यावीत. ‘मला काय मिळेल’ याआधी ‘मी काय करू शकतो’ हे लिहावे : कार्यशाळा, वाद्याची प्रात्यक्षिके, व्हिडीओ. सुरुवात तारा किंवा ड्रमच्या काठ्या बनवणाऱ्या कंपनीपासून केली, तर संधी अधिक असते. आणि ‘आर्टिस्ट’ म्हणून नाव नोंदवण्यासाठी कोणी आधी शुल्क मागत असेल, तर तिथून मागे फिरावे.

करारात काय तपासायचे?

सर्वात महत्त्वाचे कलम ‘एक्सक्लुझिव्हिटी’चे. म्हणजे त्या प्रकारातले दुसऱ्या कंपनीचे वाद्य मंचावर वापरायचे नाही. समजा, १ लाखाच्या गिटारवर ४० टक्के सवलत मिळाली. तरी खिशातून ६० हजार जातातच. त्यात वर्षभर दुसरी गिटार वाजवता येत नसेल आणि स्टुडिओने नेमका दुसराच आवाज मागितला, तर ते काम हातचे जाते. म्हणून स्टुडिओतल्या कामाला सूट आहे का, मुदत किती, मुदतीनंतर छायाचित्र वापरता येईल का, महिन्याला किती पोस्ट कराव्या लागतील आणि करार मोडायचा कसा, हे लेखी हवे.

कायदा आणि कर काय सांगतात?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचना आणि ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेले नियम यांनुसार कंपनीशी असलेला संबंध उघड करावा लागतो. पैसेच नव्हेत, तर मोफत वस्तू आणि सवलतही त्यात येते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कराचा भाग वेगळा. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या नियमानुसार, व्यवसायाच्या संदर्भात वर्षात २० हजार रुपयांहून अधिक मूल्याचा वस्तुरूप लाभ दिल्यास देणाऱ्याला १० टक्के टीडीएस पाहावा लागतो. काम झाल्यावर वाद्य परत केले, तर तो लाभ धरला जात नाही. थोडक्यात, ‘फुकट’ गिटारही प्राप्तिकर विवरणपत्रात येते.

मिरजेच्या सतारीचे काय?

आपल्याकडे शास्त्रीय वाद्यांचा व्यवहार कंपनीशी नव्हे, कारागिराशी असतो आणि तो बहुधा कागदावर येत नाही. झाकीर हुसेन यांचा चेहरा चहाच्या जाहिरातीमुळे घराघरांत पोहोचला, पण त्यांचे तबले घडवणारे मूळचे मिरजेचे हरिदास व्हटकर हे नाव अनेकांना कळले ते डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरभाईंच्या निधनानंतर. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव सुरक्षित होते, गिऱ्हाईक मात्र आपोआप येत नाही. मैफलीच्या व्हिडीओखाली वादकाने ‘हा तानपुरा मिरजेत अमुक यांनी बनवला’ एवढे लिहिले, तरी कारागिराच्या दृष्टीने ती मोठी जाहिरात ठरेल. इथे करार, सवलत, शुल्क काहीच लागत नाही.