कांद्याचे मूळ आणि संगणकाचा पडदा

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गांतील विच्छेदन बंद केले, ते योग्यच झाले. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ठोकला जाणारा बेडूक भातखाचरांतले किडे खाणारा शेतकऱ्याचा सोबती होता. त्याच्या तंगड्यांची निर्यात तर देशाने १९८७ मध्येच थांबवली होती. बेडकाचे हृदय आज पडद्यावर हवे तितक्या वेळा उलगडून पाहता येते. सी-डॅक व अमृता विद्यापीठाच्या ‘ओलॅब्स’सारख्या सोयींमुळे प्रयोगशाळा नसलेल्या गावातल्या मुलीलाही प्रयोगाची ओळख होते. हे मोलाचे आहे.

पण बंदी प्राण्यांपुरती होती; कांदा आणि जास्वंद यांना ती लागू नव्हती. तरीही प्रात्यक्षिकाच्या तासाला चित्रफीत दाखवून जर्नल उतरवून घेण्याची सवय पसरते आहे. ‘नीट’च्या १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे असतात आणि त्यांतल्या एकासाठीही सूक्ष्मदर्शकाला हात लावावा लागत नाही. मग शिकवणीवर्गाच्या वेळापत्रकात प्रयोगशाळेला जागा उरत नाही.

यात काय हरवते, ते कांद्याच्या मुळाने दाखवावे. पाणी भरलेल्या बाटलीच्या तोंडावर कांदा ठेवला की तीन-चार दिवसांत मुळे फुटतात. त्यांचे टोक आम्लात मऊ करायचे, ॲसिटोकार्मिनने रंगवायचे, कव्हरस्लिपखाली अंगठ्याने दाबायचे. पहिल्या खेपेस हवेचे बुडबुडे दिसतात, दुसऱ्या खेपेस नुसता लगदा. तिसऱ्या खेपेस पेशी दिसल्या तरी बहुतेक इंटरफेजमध्ये, विभाजन न होणाऱ्या. मध्यावस्थेतली एखादी पेशी सापडेपर्यंत काचपट्टी सरकवत राहावे लागते. संगणकावर चारही अवस्था ओळीने, सारख्याच ठळक येतात आणि पेशी सतत विभागतच असते, असा समज करून देतात. पेशीच्या आयुष्यात विभाजनाचा काळ किती थोडका असतो, हे त्या शोधाशोधीत विद्यार्थ्याला स्वतः उमगते. म्हणून पडद्यावरचा धडा प्रयोगाच्या आधी हवा, प्रयोगाच्या जागी नको.

बारावीला प्रात्यक्षिकाचे ३० गुण आहेत. राज्य मंडळाने त्यांतले काही ‘तुमच्या काचपट्टीवर काय दिसले?’ या प्रश्नासाठी राखून ठेवावेत. आणि उत्तर पुस्तकातल्या आकृतीशी जुळले नाही, एवढ्यावरून परीक्षकांनी ते कापू नयेत.