'मे आय कम इन'च्या पलीकडे

मराठी शाळेतल्या पोराला इंग्रजीचं पहिलं सबंध वाक्य कोणतं येतं? 'मे आय कम इन, सर?' चंद्रपूरच्या आमच्या शाळेत ते दारात उभं राहून इतक्यांदा म्हटलं की तो एकच शब्द वाटायचा. त्यात 'मे' नावाचं सहायक क्रियापद लपलंय, हे पुढे मोडल ऑक्झिलरीजचा धडा आला तेव्हा कळलं. फळ्यावर तक्ता आला. कॅन म्हणजे शकणे. मे म्हणजे परवानगी, नाहीतर कदाचित. शुड म्हणजे पाहिजे, मस्ट म्हणजे पाहिजेच. आणि शॅल? 'आय आणि वी असेल तर शॅल, बाकीच्यांना विल.' गाळलेल्या जागा भरा, मार्क घ्या, पुढे चला.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. या तक्त्यानं आपल्याला फसवलं. पुढे स्पोकन इंग्लिशच्या क्लासनं त्यावर 'कुड यू प्लीज'चा मुलामा दिला आणि आपली समजूत पक्की झाली, की हे शब्द म्हणजे शिष्टाचार. ते शिष्टाचाराचे नाहीत. कोण बांधला गेलाय आणि कोण मोकळा आहे, हे सांगणारे ते शब्द आहेत. आपल्याला त्यातला फक्त परवानगी मागायचा भाग शिकवला गेला.

मला हे कळलं ते पहिल्या नोकरीत, स्वतःच्या चुकीतून. एका सर्व्हरकडून डेटा घ्यायचा होता. दस्तऐवजात लिहिलं होतं, की सर्व्हर अमुक एक फील्ड पाठवू शकतो. शब्द होता 'मे'. मी तो 'पाठवतो' असा वाचला आणि कोड लिहिला. फील्ड आलं नाही त्या दिवशी प्रोग्रॅम कोसळला. सिनियरनं शांतपणे एक कागद वाचायला दिला, आरएफसी 2119. मार्च 1997चा, स्कॉट ब्रॅडनर यांनी लिहिलेला. जेमतेम दोन-तीन पानांचा. त्यात 'मस्ट', 'शुड', 'मे' यांचे अर्थ ठरवून दिलेत. मस्ट आणि शॅल म्हणजे अट, सूट नाही. शुड म्हणजे सबळ कारण असेल तरच, परिणामांचा नीट विचार करून, टाळता येईल. मे म्हणजे पूर्ण ऐच्छिक. पुढे 2017 मध्ये आणखी एक खुलासा आला, की हे शब्द कॅपिटल अक्षरांत असतील तरच त्यांना हे ठरलेले अर्थ लागू. तुमच्या हातातल्या फोनमधलं इंटरनेट ज्या नियमांवर चालतं, त्यातले कितीतरी या मोजक्या क्रियापदांवर उभे आहेत.

यंत्रांसाठी इतकी काळजी. माणसांचं काय?

आता आमच्याकडच्या जंगलात चला. भारतीय वन अधिनियम, 1927. त्याचं कलम 28 म्हणतं, की राज्य सरकार राखीव जंगलावरचे आपले हक्क एखाद्या गावाला सोपवू शकतं. शब्द 'मे'. त्याच वाक्यात पुढे म्हटलंय, की ते सोपवणं रद्दही करू शकतं. पुन्हा 'मे'. द्यायचंही आमच्या मर्जीवर, काढून घ्यायचंही आमच्या मर्जीवर. आरएफसीच्या भाषेत, पूर्ण ऐच्छिक.

त्याच्या शेजारी 2006चा वनहक्क कायदा ठेवा. पिढ्यान् पिढ्या जंगलात राहणाऱ्यांचे हक्क सरकार 'देऊ शकतं' असं तो म्हणत नाही. कलम 4 थेट म्हणतं, की ते हक्क याद्वारे मान्य केले आहेत. कलम 6 नुसार हक्कांची प्रक्रिया सुरू करणारं प्राधिकरण ग्रामसभा, तिथे 'शॅल'. पडताळणी पुरी होईपर्यंत ताब्यातल्या वनजमिनीवरून कुणाला हटवायचं नाही, तिथेही 'शॅल'. एकोणऐंशी वर्षांत 'मे'चा 'शॅल' झाला. मध्ये किती आंदोलनं झाली, किती लोक तुरुंगात गेले, हे तक्ता सांगत नाही.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) आठवा. 2009 मध्ये या गोंड गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. या कायद्यात बांबू गौण वनोपजात स्पष्ट मोडतो. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडे. अखेर एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. 2012च्या सुधारित नियमांनी परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. हे आपोआप झालं नाही. मेंढ्यात अभ्यासगटाची प्रथा आहे. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी बसून कायद्याचा अभ्यास करायचे. बोलणं गोंडीत, अर्ज मराठीत, कायदा इंग्रजीत. तीन भाषांच्या पायऱ्या चढून त्यांनी आपला हक्क गाठला.

'मग सगळं मराठीत आणा, प्रश्न मिटला,' असं कुणी म्हणेल. मराठीत आलंच पाहिजे, पण प्रश्न तेवढ्यानं मिटत नाही. आपल्या कायद्याच्या मराठीत 'शॅल'ला बहुधा 'करील', 'असेल' म्हणतात. गावात 'सरकार करील' याचा अर्थ काय होतो? कधीतरी करील, तुम्ही वाट बघा. बंधन असलेलं वाक्य आश्वासनासारखं ऐकू येतं. आपला विध्यर्थही तसाच. 'वडीलधाऱ्यांचा मान राखावा' हे कर्तव्य आणि 'माहिती मिळावी' ही इच्छा, दोन्हींना एकच '-आवा'. शिवाय राज्यघटनेच्या कलम 348 मुळे केंद्रीय कायद्याचा अधिकृत पाठ इंग्रजीच धरला जातो. तेव्हा 'शॅल' समजल्याशिवाय सुटका नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वकील मित्र म्हणतात, कोर्टात 'शॅल'ही वाकतो. खरं आहे. कलम 320 मध्ये लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याबाबत 'शॅल' आहे. तरी 1957 मध्ये मनबोधन लाल श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते बंधनकारक नाही असं ठरवलं. आणि 1996च्या पेसा कायद्यात भूसंपादनाआधी ग्रामसभेशी 'शॅल बी कन्सल्टेड', म्हणजे सल्लामसलत. शॅल ठणठणीत, पण पुढचं क्रियापद पांगळं. विचारायचं बंधन आहे, ऐकायचं नाही. 2013च्या भूसंपादन कायद्यात अनुसूचित क्षेत्रासाठी तिथे 'पूर्वसंमती' आली. म्हणून तर म्हणतो, हे व्याकरण मन लावून शिकायला हवं. वाकवणारे ते शिकलेले आहेत.

गेल्या दिवाळीत काकांनी माहिती अधिकाराचा अर्ज दाखवला. जमिनीच्या मोजणीचा कागद हवा होता. शेवटी लिहिलं होतं, 'तरी माहिती मिळावी ही नम्र विनंती.' मी म्हटलं, "काका, विनंती कशाला? कायद्यात 'शॅल' आहे. तीस दिवसांत त्यांनी माहिती द्यायची, नाहीतर कारण सांगून नाकारायची. तसं लिहा."

काका म्हणाले, "असं लिवलं त सायबाले राग नाही येईन का?"

मी गप्प बसलो. कारण हे काकांचं अज्ञान नव्हतं. आपल्याला शाळेच्या दारात जे शिकवलं, तेच काका सत्तर वर्षांच्या अनुभवानं बोलत होते. आत जायचं तर आधी विचारायचं, आवाज खाली ठेवून.

माझी मागणी छोटी आहे. मोडल ऑक्झिलरीजच्या धड्यात 'मे आय बॉरो युवर पेन' राहू द्या. पण त्याखाली 1927चं कलम 28 आणि 2006चं कलम 4 ठेवा, माहिती अधिकाराचं कलम 7 ठेवा, आणि पोरांना विचारा: इथे कोण बांधला गेलाय? कोण मोकळा आहे? 'शॅल'च्या जागी 'मे' घातला तर कुणाचं काय जाईल? गडचिरोलीतल्या पोराला या प्रश्नाचं उत्तर घरी जाताना वाटेत दिसेल, दोन्ही बाजूंना उभं असलेलं.

काकांनी अखेर ती ओळ बदलली. 'नम्र विनंती' मात्र ठेवली. त्याच्या आधी, वेगळ्या ओळीत, तीस दिवसांची मुदत लिहिली आणि तिच्याखाली दोनदा रेघ मारली.